वरची कपाटं

धम्मप्रियाने आलेखाचे तीन कागद ओट्यावर मांडले, तेव्हा आईला आपण जिंकलंच अशी तिची पक्की खात्री होती.

आठ दिवस ती या एल आकाराच्या स्वयंपाकघराच्या मागे लागली होती. मोबाइलवर व्हिडिओ बघून झाले, टेप लावून ओट्याच्या दोन्ही बाजू मोजून झाल्या, निळी पेन्सिल झिजून बोटाएवढी झाली. बाबांची नोकरी नांदेडला. जाताना ते म्हणाले होते, दहावीला गेलीस, आता हे काम तुझ्याकडे. आईला आवडेल ते ठरव, बाकीचं मी बघतो. माणिकप्पा मिस्त्री आज दुपारपर्यंतच थांबणार होता. उद्यापासून तो उदगीरच्या मोठ्या कामावर, म्हणजे मग थेट दिवाळीनंतर. आणि आई सहा वर्षं त्या फुटक्या कडप्प्यावर भाकरी थापत होती.

तिन्ही कागदांना तिने नावं दिली होती. भारी, बरं आणि साधं. अडीच लाख, दीड लाख, ऐंशी हजार.

आधी भारी. खाली ओढायच्या ट्रॉल्या, कोपऱ्यात गोल फिरणारं कपाट, आणि वर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कपाटंच कपाटं. आईने कागद हातात घेतला. ट्रॉल्यांवरून बोट फिरवताना तिचा चेहरा असा खुलला की धम्मप्रियाला वाटलं, झालं काम. मग बोट वर सरकलं आणि तिथंच थांबलं.

"नगं," आई म्हणाली.

आकड्याला भ्याली असेल. धम्मप्रियाने बरं पुढे केलं. वरची कपाटं निम्मी. तेही नगं. मग साधं; वर जेमतेम दोन, मसाल्याचे डबे मावतील एवढी. तेही नगं.

माणिकप्पाला वाटलं, ताईंना याहून झकास पाहिजे. त्याने काचेच्या दारांचं, आत दिवे लागणाऱ्या कपाटांचं वर्णन सुरू केलं. धम्मप्रियाचं डोकं चालेना. महाग नको, मधलं नको, स्वस्तही नको, मग या बाईला पाहिजे तरी काय? वर्गात ती मागच्या बाकांनासुद्धा प्रमेय समजावून देते, आणि घरात एक ओटा समजावता येईना. रंग आवडला नाही का, तिने विचारलं. तसं न्हाई. मग कसं? आई कोरडा ओटाच पदराने पुसत राहिली.

"खालची समदी करा, लागतील तेवढी," शेवटी ती माणिकप्पाला म्हणाली. "वर कायबी नगं."

माणिकप्पाला हसू आलं. अर्धा संसार जमिनीवर येईल, वाकून वाकून कंबर जाईल, आणि लोक म्हणतील मिस्त्री अर्ध्यात काम टाकून पळाला. शंभर किचनं केली त्याने, सगळ्या बाया आधी वरचंच मागतात. हसता हसता त्याने सहज विचारलं, "ताई, माहेर कुठलं म्हणायचं तुमचं?"

"किल्लारी."

"नवं का जुनं?"

"जुनं."

माणिकप्पाचं हसणं थांबलं. "भूकंपाच्या टायमाला कितवीत होता?"

"दुसरीत."

"मी पाचवीत. निलंग्याला."

एवढंच बोलून त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि भारीच्या कागदावरची वरची कपाटं एकेक करून खोडून टाकली. धम्मप्रियाने मन लावून रंगवलेली, निळी. तिला विचारलंसुद्धा नाही. मग कागद आईपुढे सरकवला. आईने मान हलवली, आणि तो टेप काढून मापं घ्यायला लागला.

धम्मप्रिया बघतच राहिली. दोघांनी एकमेकांना इयत्ता सांगितल्या आणि लाखांचं काम ठरलं. भूकंप तिला माहीत होता, तारखेसकट. भूगोलात दोन गुणांना येतो. पण त्याचा डब्यांशी काय संबंध?

वरचं सामान निदान बाहेरच्या खोलीत कुठं लावता येईल, ते बघायला ती कागद घेऊन बाहेर आली. भिंतींवरून नजर फिरवली. फळी नव्हती. माळा नव्हता. बाबासाहेबांचा फोटो टेबलावर, भिंतीला टेकवून ठेवलेला. घड्याळ खिडकीत उभं. घर असंच असतं, असं तिला आजवर वाटत आलं होतं. डोक्यावर म्हणून एकच वस्तू होती, पंखा. लातूरच्या उन्हाळ्यात ती आणि बाबा बरोबर त्याच्याखाली अंथरूण टाकायचे.

आईचं अंथरूण दाराला लागून असायचं.