अडॅप्टर न लावता

ओश शहराच्या बाजारात तिलेकने सकाळी आपल्या दुरुस्तीच्या दुकानाची फळी उघडली, हीटर लावला आणि झुम्राद आपांच्या बंद पडलेल्या लॅपटॉपमधली मेमरी चिप काढून, तिच्यात नव्याने प्रोग्रॅम भरण्यासाठी, यूएसबी प्रोग्रॅमरमध्ये बसवली. चिप कमी व्होल्टची होती. मध्ये व्होल्टेज कमी करणारा अडॅप्टर लावणे आवश्यक होते. एवढ्याशा कामाला कशाला, म्हणून त्याने तो लावला नाही. चिप जळाली.

आपा आल्या तेव्हा तो म्हणाला, “आत ओल गेली होती, आपा.”

“वाटलंच मला! सुनेनंच चहा सांडला असणार. वर नाही नाही म्हणते, सटवी! माझ्या लेकानं मॉस्कोत राबून पाठवलाय हा लॅपटॉप. थांब, आज बघतेच तिच्याकडे.”

त्या गेल्यावरही तिलेकची मान वर होईना. दुपारी त्याने स्वतःजवळची नवी चिप काढली, अडॅप्टर लावून तिच्यात प्रोग्रॅम भरला, ती लॅपटॉपमध्ये बसवली आणि तो घेऊन आपांचे घर गाठले. पडदा उजळताच आपा तोंडभरून दुवा देऊ लागल्या. तेवढ्यावर निघता आले असते. सून मात्र पाहुण्यासमोर न बसता दाराशी उभी होती, आणि तिचे डोळे सुजलेले होते.

“ओल कुठेच नव्हती, आपा,” तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने तो म्हणाला. “चिप माझ्या हातून जळाली.”