पार दारापर्यंत

गावात राहायला आलो त्याच दिवशी समोरच्या व्हर्ना हाल्व्हर्सन बाईंनी मला नगरपालिकेचे नियम ऐकवले. "गवत घोट्याच्या वर वाढू द्यायचं नाही. बर्फ पडला की घरासमोरचा फुटपाथ आपला आपण साफ करायचा, नाहीतर दंड. आणि शेजाऱ्याने तुमचा बर्फ काढला, तर पुढच्या वेळी त्याचा तुम्ही काढायचा. हे कुठं लिहिलेलं नाही, पण मोडत कुणी नाही."

माझ्या शेजारी घरच नव्हतं, नुसता मोकळा प्लॉट होता. तरी दर बर्फानंतर तिथला फुटपाथ माझ्याआधी साफ असायचा. तिथून प्लॉटच्या मध्यापर्यंत एक स्वच्छ वाट जायची आणि मध्येच संपायची.

जानेवारीत मी तापाने पडलो. उठून पाहतो तर माझाही बर्फ काढलेला, अगदी दारापर्यंत.

"बाई, तुम्ही काढलात?"

"माझ्या गुडघ्यांना विचारा! शेजारच्यांचं काम ते. आता पाळी तुमची. अंगचोरपणा नको, पार दारापर्यंत काढा."

"तिथं दार कुठंय?"

"काढत तर जा."

कुतूहल मला गप्प बसू देईना. पुढच्या बर्फात, भर दुपारी, भुरभुर चालू असतानाच मी फावडं घेऊन गेलो. प्लॉटच्या मध्यावर आलो आणि टोपीवर बर्फ पडायचा थांबला. वर पाहिलं. डोक्यावर काहीच नव्हतं. चहूकडे मात्र बर्फ पडतच होता.

रस्त्यापलीकडून बाई ओरडल्या, "आधी बूट आपटा, त्यांचं घर घाण कराल!"

सवयीने मी आपटले. पायाखाली लाकडी फळ्या वाजल्या.