दोन तलवारबाज

गेममधल्या फौजेत जागा एकच उरली होती आणि तलवारबाज होते दोन. "हा वार जोरात करतो, तो मार खाऊनही तग धरतो. बाकी दोघं सारखेच," जुळ्यांपैकी थोरला म्हणाला. "जोरवाल्याला नेऊ. दुसरा राहील छावणीत. त्याला काय कळतंय?"

मघापासून धाकट्याचा एक कान बंद दाराकडे होता. आत आई-बाबा आज कधी नव्हे ते न भांडता, हळू आवाजात बोलत होते.

"दोघांनाही नेता नाही का येणार रे?"

"नाही ना, येड्या. नियमच आहे तसा."



"थोरल्याला मी नेतो," दाराआडून बाबांचा आवाज आला. "धाकटा राहील इथंच, तुझ्याजवळ. त्याला काय कळतंय?"