कापाडंडी

“नावाचा अर्थ लिहून हवाय, तोही शनिवारच्या आत,” सरपंच दिनानाथ घरत म्हणाले आणि रेल्वेचं पत्र त्यांनी सत्यवतीबाईंपुढे सरकवलं. “तीन लिप्यांत पाटी रंगवणार आहेत. आपलं गाव आता स्टेशन होणार, बाई!”

साल बासष्ट. दिव्याहून पनवेलकडे रूळ येत होते आणि वाटेवरच्या कापाडंडीला छोटं स्टेशन मिळणार होतं. सत्यवती कापाडंडीचीच. गावातली पहिली मॅट्रिक झालेली बाई, पनवेलला मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची. नावाचा शोध तिच्याकडे येणं साहजिकच होतं.

ती हौसेने कामाला लागली. पनवेलचे आपटेशास्त्री म्हणाले, “कर्पट म्हणजे कापड. कर्पटदंड हे मूळ रूप. शुद्ध संस्कृत!” तांदळाचे व्यापारी हसनमियाँ मुल्ला हसले. “शास्त्रीबुवांना सगळं संस्कृतच दिसतं. फारसीत काफ म्हणजे गोष्टीतल्या पऱ्यांचा पहाड. इथून कर्नाळ्याचा सुळका दिसतो ना? आमच्या बुजुर्गांनी तो पाहूनच नाव दिलं असणार.” उरणच्या वृद्ध पाद्रीबाबांनी सांगितलं की पोर्तुगीज भाषेत कापा म्हणजे झगा. तीन भाषा, तीन अर्थ, आणि तिघांचीही खात्री.

घरी वडिलांना, बळीरामला, तिने हे सगळं रंगवून सांगितलं. मिठागरावर जन्म काढलेला म्हातारा ऐंशीला टेकला होता. ते ऐकून तो म्हणाला, “दुसरं नाव दे त्या सायबाला. दत्तवाडी दे.”

“बाबा, इतकं जुनं नाव कसं बदलायचं?”

“जुनं कसलं? माज्या लानपनी समोरच्या वाळूच्या पट्टीला निसती दांडी म्हनायचे. गाव नव्हतंच हितं, खाडीच्या पलीकडं व्हतं.”

सत्यवतीने लगेच वही उघडली. मूळ नाव दांडी. पुढे तिथे कापडाची गलबतं लागू लागली, म्हणून कापडदांडी. बोलता बोलता कापाडंडी. शास्त्रीबुवांचं अर्धं आणि गावाचं अर्धं, पण किती चपखल जुळलं! तिने वडिलांना वाचून दाखवलं. तो उठून बाहेर गेला. बाबांना या गोष्टींत रस नाही, असं तिने मनाशी धरलं.

शनिवारी सकाळी कागद घेऊन ती रुळांच्या कामावर निघाली. तिथल्या तंबूत रेल्वेचा कारकून बसायचा. बळीरामही काठी टेकत मागोमाग आला. “जरा बोलायचं हाय त्या कारकुनाशी,” एवढंच म्हणाला. नाव बदलायचा हट्ट तो तिथेही धरणार, असं वाटून ती मनातून वैतागली.

खाडीलगत माती खणून खोल चर काढला होता. दूरच्या पालमूर मुलखातले तेलुगू मजूर, बायामाणसं, उतरून काम करत होते. त्यांना मराठी येत नव्हती. त्यांचा मुकादम मल्लय्या मुंबईत वाढलेला, तोच काय तो दोन्हीकडचं बोलायचा. आणि तो त्या वेळी चराच्या पार दुसऱ्या टोकाला होता.

भरतीच्या पाण्याने भिजलेली एक बाजू आवाज न करता बसली. चार माणसं छातीपर्यंत चिखलात गेली आणि वरून माती घसरतच राहिली. बाकीचे मजूर बांधावर चढले, काम बघायला काठावर जमलेल्या गावकऱ्यांकडे हात पसरून ओरडू लागले.

“कापाडंडी! कापाडंडी!”

गावकरी एकमेकांकडे बघत राहिले. मासळीची पाटी डोक्यावर घेतलेली गुणाबाई म्हणाली, “आपल्या गावाचं नाव कशाला घेतान ते?” दिनानाथांना वाटलं, कामावरून काही भांडण जुंपलं असेल. सत्यवतीही हातात कागद घेऊन जागच्या जागी उभी होती. कुणी हललं नाही.

काठी पडल्याचा आवाज झाला. बळीराम उताराने घसरत चरात उतरला होता.

“बगत काय रावलाव?” तो वर बघून किंचाळला. “वाचवा म्हनतान ते! वाचवा म्हनतान! फावडी आना!”

तो दोन्ही हातांनी चिखल उपसायला लागला. मग सगळं गाव धावलं. दोर आले, फळ्या आल्या. एकेक करून चौघेही बाहेर निघाले. शेवटच्या बाईच्या तोंडात माती गेली होती, पण तिने श्वास घेतला आणि ती रडायला लागली.

धापा टाकत मल्लय्या पोचला. त्याने बळीरामचे चिखलाने भरलेले हात हातात घेतले. “खरं आहे बाबा. कापाडंडी म्हणजे आमच्यात ‘वाचवा हो’. पण तुम्हाला तेलुगू कसं येतं?”

“मना नाय येत. योकच शबूद येतो.”

“कुठे शिकलात?”

बळीरामने समोरच्या वाळूच्या पट्टीकडे पाहिलं. “हितंच. पलेगाचं साल व्हतं. मी पंधरा वर्सांचा. मुंबईतनं पळालेल्या तुमच्या मानसांचं गलबत त्या दांडीवर फुटलं. पोरंबाळं व्हती. प्यायला पानी नाय. दोन दिस आमच्याकडं बगून ह्येच वरडत व्हती. तिसऱ्या दिशी गप झाली. मंग लोकं त्या जागेला त्याच नावानं वलखाया लागली. गाव मागनं हितं आलं, नाव तसंच रावलं.”

सत्यवतीच्या हातातला कागद चुरगळला. तिला काहीतरी आधार हवा होता, कसलाही.

“बाबा, तेव्हा गावात होड्या नव्हत्या ना?”

“अकरा व्हत्या,” बळीराम म्हणाला.