मलांगच्या लग्नातला चेहरा

व्हिडिओ तिथेच थांबवून मृणालिनीने मोबाइल विवेकसमोर धरला. इंडोनेशियात, मलांगजवळच्या कुठल्याशा गावातलं लग्न होतं. स्टेजवर चकचकीत कपड्यांतली गायिका तिकडची दांगदुत गाणी गात होती, खाली बायका नाचत होत्या, आणि मांडवाच्या कडेला हातात ताटली घेऊन त्याची बायको उभी होती. ऋग्वेदा. तिच्या कमरेला बिलगून ओवी.

 विवेकने दोन बोटांनी ओवीचा चेहरा मोठा करून पाहिला आणि तो रडायला लागला.

दांगदुतचा नाद मृणालिनीला वुलानमुळे लागला होता. इथे परदेशात, हॉर्नबीच्या फार्मसीत दोघी एकत्र काम करायच्या. वुलान मूळची सुराबायाची. तिने दाखवलेल्या त्या गाण्यांच्या ठेक्यात मृणालिनीला जुनी हिंदी गाणी ऐकू यायची, म्हणून स्वयंपाक करताना ती एकामागून एक व्हिडिओ लावून ठेवायची. त्यात शेजारच्या विवेकची हरवलेली बायको दिसेल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

ऋग्वेदा मुलीला घेऊन निघून गेली, त्याला वर्ष होत आलं होतं. डिप्रेशन होतं, असं विवेकने सगळ्यांना सांगितलं होतं. मृणालिनीला ते पटण्यासारखं होतं. ऋग्वेदा कुणात मिसळायची नाही. मराठी मंडळाच्या गणपतीला आली तरी आरती संपायच्या आत निघायची. तिच्या गोळ्यासुद्धा फार्मसीतून विवेकच घेऊन जायचा. पोलिसांनी तिचा तपास लावला होता, पण दोघी सुखरूप आहेत यापलीकडे ते काही सांगायला तयार नव्हते. इथल्या लोकांना आपल्यातला संसार कळत नाही, असं विवेक म्हणायचा.

आवाहनाचा व्हिडिओ करायची कल्पना मृणालिनीचीच. ओवीच्या रिकाम्या पलंगावर विवेकला बसवून तिने स्वतः शूट केलं. मी रागावलेलो नाही, फक्त घरी ये, एवढंच तो हळू आवाजात बोलला. संपर्कासाठी ताई, तुमचा नंबर देऊ या, बाईचा नंबर असला की लोक विश्वास ठेवतात, असं त्यानेच सुचवलं.

व्हिडिओखालच्या इंडोनेशियन ओळी वुलान लिहून देत होती. लिहिता लिहिता ती थांबली.

"ती स्वतःहून गेली ना?"

"आजारी माणसाचं स्वतःहून काय असतं, वुलान," मृणालिनी म्हणाली.

वुलानने उरलेल्या ओळी लिहिल्या.

आमच्याकडच्या नेटकऱ्यांनी मनावर घेतलं तर ते कुणालाही शोधून काढतात, असं वुलान नेहमी हसत सांगायची. झालंही तसंच. कुणी मांडवावरचं डेकोरेटरचं नाव वाचलं, कुणी नवरीला ओळखलं. वीकेंड संपायच्या आत गाव, गल्ली आणि घराचा फोटोसुद्धा आला. ही बाई आमच्या मुलांना इंग्रजी शिकवते, फार चांगली आहे, असं एकीने लिहिलं. ताटातूट झालेल्यांच्या भेटी लाइव्ह दाखवणारा बांग देनी नावाचा यूट्यूबर विवेकला घ्यायला विमानतळावर येणार होता. त्याचे प्रेक्षक आतापासूनच रडके इमोजी पाठवत होते.

मृणालिनीने ओवीसाठी बेसनाचे लाडू करून दिले. निघताना विवेक तिच्या पाया पडला. तुमचे उपकार विसरणार नाही, म्हणाला. ती गाडी वळेपर्यंत फाटकात उभी राहिली. आपल्या हातून काहीतरी चांगलं घडलं, असं तिला खूप दिवसांनी वाटलं.

दुसऱ्या दिवशी फार्मसीतल्या जेवणाच्या सुट्टीत ती बांग देनीचं लाइव्ह लावून बसली. विवेक गाडीत पुढच्या सीटवर होता. खिडकीतून भाताची शेतं मागे पळत होती. तेवढ्यात तिकडच्याच नंबरवरून व्हिडिओ कॉल आला.

समोर ऋग्वेदा होती. केस बारीक कापलेले, चेहरा भरलेला, उन्हाने रापलेला. मृणालिनीला वाटलं होतं त्यापेक्षा ती कितीतरी बरी दिसत होती. गल्लीतल्या कुणीतरी तिला आत्ताच तो व्हिडिओ दाखवला होता.

मृणालिनीचे डोळे भरून आले. विवेक कसा जेवायचा नाही, ओवीची खोली त्याने कशी होती तशी ठेवली आहे, सगळं ती एका दमात सांगत सुटली. व्हिडिओ मीच केला, हेही सांगितलं.

ऋग्वेदाने एवढंच विचारलं,

"तो आत्ता कुठे आहे, ताई?"

"अगं, गाडीत आहे. पोहोचेलच अर्ध्या तासात. मी लाइव्ह बघतेय ना."

ऋग्वेदाने मान हलवली आणि फोन न ठेवताच मागे वळून हाक मारली. आवाज अगदी साधा होता, रोज शाळेला निघताना असावा तसा.

"ओवी, चप्पल घाल, मागच्या दाराने निघायचंय. बाबाला घर सापडलं."