अर्ध्या कानाचं अस्वल

नेवेना मुलांसाठी गोष्टी लिहायची आणि चित्रंही स्वतःच काढायची. तिच्या प्रत्येक पुस्तकात एक थोराड, प्रेमळ अस्वल असायचं. "हे अस्वल म्हणजे आमचे हे," असं ती सगळ्यांना सांगायची, म्हणून आमच्या त्र्याव्ना गावातली पोरं मला अस्वलआजोबाच म्हणतात. ती गेल्यावर माझ्याकडे तेवढंच उरलं होतं.

अस्वलाचा डावा कान मात्र नेहमी अर्धाच असायचा. "माझे दोन्ही कान शाबूत आहेत की गं," मी म्हणायचो.

"जास्त बोललात तर राहायचे नाहीत!" ती हसून म्हणायची.

काल ती गेल्याचा चाळिसावा दिवस होता. रिवाजाप्रमाणे मी थडग्यापाशी उकडलेले गोड गहू वाटत होतो. शेजारची छोटी बिलियाना माझं बोट धरून उभी होती. परगावचा एक अनोळखी म्हातारा आला. नेवेनाच्या फोटोसमोर त्यानं मेणबत्ती लावली, कानांवर ओढलेली लोकरी टोपी काढली आणि तो रडू लागला.

बिलियानानं माझं बोट सोडलं.



"अय्या, अर्धा कान! म्हणजे खरे अस्वलआजोबा हे आहेत!"