पाठ आहे ना, वहिनी!

१९८६ साली आम्ही वाकोल्याला राहायचो. माझा धाकटा दीर चंद्रप्रकाश वैमानिक व्हायच्या परीक्षेला बसणार होता. मी शाळेत विज्ञान शिकवायचे, म्हणून टर्बोप्रॉप, म्हणजे पुढे पंखा असलेल्या विमानाच्या इंजिनाचा अभ्यास त्याच्याकडून करून घ्यायचं काम माझ्याकडे आलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी विचारलं, "हवेत इंजिन बंद पडलं, तर त्याच्या पंख्याची पाती लगेच का वळवायची?"

त्याने पुस्तकातला इंग्रजी परिच्छेद घडाघडा म्हणून दाखवला, अगदी स्वल्पविरामासकट.

"आता मराठीत सांग."

"परीक्षा काय मराठीत आहे, वहिनी?"

मी टेबलफॅनपुढे ताट धरलं. पसरट बाजूने धरलं की वारा हात मागे रेटायचा, कड पुढे करून धरलं की सरळ निघून जायचा. "पाती वळवली नाहीस, तर तोच पंखा विमानाला मागे ओढत राहील. माणसं मरतील, चंदू. कळलं का?"

"पाठ आहे ना!"

"त्याका कित्याक छळतंस गो?" सासूबाई आतून ओरडल्या. मी ताट परत फळीवर ठेवलं.

तो पहिला आला.

सासूबाई त्याच्या विमानातून एकदा गोव्याला जाऊन आल्या आणि पुढे समाधानाने वारल्या. मी मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाले. चंद्रप्रकाशने तीस वर्षं विमानं चालवली. नशिबाने एकदाही इंजिन बंद पडलं नाही. आता तो होऊ घातलेल्या वैमानिकांना हाच विषय शिकवतो.



यंदा त्याच्या वर्गात माझी नात पहिली आली.